टाइमशीटच्या रिपोर्टमध्ये तारीख चुकते तेव्हा: आधी फरक मोजा, मग सेटिंग्ज उघडा

लक्षणं

"रिपोर्टमध्ये तारीख चुकतेय" या एका तक्रारीत निदान आठ-नऊ वेगळे बिघाड दडलेले असतात. तुमचा कोणता ते आधी ओळखा:

- रात्री उशिरा किंवा पहाटे केलेलं काम आदल्या दिवशी दिसतं, दिवसाचं काम मात्र बरोबर तारखेला असतं.
- संध्याकाळी साडेसहानंतरचं काम दुसऱ्या दिवशी जातं.
- सगळ्याच एंट्र्या बरोबर एक दिवस मागे किंवा पुढे सरकतात.
- ३ एप्रिलचं काम ४ मार्चला दिसतं, पण १३ तारखेपासून पुढे अशी अदलाबदल होत नाही.
- महिन्याची शेवटची तारीख रिकामी येते.
- महिन्याची बेरीज जुळते, आठवड्यांची जुळत नाही.
- एकाच दिवसावर ६०-६५ तास लागतात.
- मार्चमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परदेशातल्या सहकाऱ्यांच्या वेळा एका तासाने हलतात.
- तारीख १९७० ची येते, किंवा चार वर्षं एक दिवस मागेपुढे होते.

फरक किती आहे यावरून चूक कुठे आहे हे बहुतेक वेळा कळतं. एक तास, साडेपाच तास, अकरा तास, एक दिवस, १४६२ दिवस: प्रत्येक आकड्यामागे ठरावीक कारण असतं. म्हणून "थोडं मागेपुढे होतंय" एवढ्यावर भागवू नका, नेमका आकडा काढा.

हात लावण्याआधी

चुकीची दिसणारी एकच एंट्री निवडा आणि चार वेळा शेजारी शेजारी लिहा: काम खरोखर सुरू झालं ती वेळ, एंट्री उघडल्यावर तपशिलात दिसणारी वेळ, पडद्यावरच्या रिपोर्टमधली तारीख आणि एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमधली तारीख. या ओळीत पहिल्यांदा जिथे फरक पडतो, बिघाड तिथे किंवा त्याच्या लगेच आधी असतो.

एंट्री निवडताना सकाळी अकराची घेऊ नका. टाइम झोनची चूक असली तरी तिची तारीख बदलत नाही, त्यामुळे ती काहीच सांगत नाही. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतली घ्या. बहुतेक सॉफ्टवेअर वेळ यूटीसीमध्ये (जगभराची घड्याळं जिच्यावरून मोजतात त्या समान प्रमाणवेळेत) साठवतात आणि दाखवताना स्थानिक वेळेत बदलतात. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून इथे १ मार्चचे ००:०० वाजतात तेव्हा यूटीसीत २८ फेब्रुवारीचे १८:३० झालेले असतात. दाखवताना रूपांतर राहून गेलं तर पहाटे साडेपाचच्या आधीचं सगळं काम आदल्या तारखेला जाऊन बसतं. एक्स्पोर्ट केलेल्या सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) तारखेपुढे १८:३०:०० हा आकडा वारंवार दिसला की समजा, कोणीतरी भारतीय मध्यरात्र यूटीसीत लिहून ठेवली आहे. पश्चिमेकडे हेच उलटं होतं: न्यू यॉर्कमध्ये हिवाळ्यात संध्याकाळी सातनंतरचं काम पुढच्या तारखेला जातं, उन्हाळ्यात आठनंतरचं.

आणखी एक गोष्ट, कळकळीची: रिपोर्ट बरोबर दिसावा म्हणून एंट्र्या हाताने बदलू नका. साठवलेली वेळ बरोबर असेल आणि फक्त दाखवण्यात चूक असेल, तर मूळ दोष सुधारल्याच्या दिवशी हाताने बदललेल्या सगळ्या एंट्र्या उलट्या दिशेने चुकतात. मग कुठल्या खऱ्या आणि कुठल्या दुरुस्त केलेल्या, हे कोणालाच सांगता येत नाही.

पडद्यावर बरोबर, एक्सेलमध्ये चूक?

ही तपासणी एका मिनिटाची आणि फुकट आहे, म्हणून ती आधी. एक्स्पोर्ट केलेली सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडा. तिथे तारीख बरोबर असेल तर टाइम ट्रॅकिंग सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, गडबड एक्सेल करतोय.

सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की एक्सेल विंडोजच्या रीजन सेटिंगप्रमाणे तारखा वाचतो. फाइलमध्ये दिवस आधी आणि संगणकावर महिना आधी असेल, तर ०३/०४ चा ४ मार्च होतो. १३/०४ मध्ये तेरावा महिना नसल्याने एक्सेल ते तसंच मजकूर म्हणून ठेवतो. एकाच कॉलममध्ये अर्ध्या तारखा उलट्या आणि अर्ध्या मजकूर, असा हा प्रकार आहे. कॉलम रुंद करून बघा: खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. पिव्होट टेबलमध्ये महिन्यानुसार गट पडत नसतील, तर तेही बहुधा याच मजकूर सेल्समुळे.

दुरुस्ती अशी. ती फाइल सेव्ह न करता बंद करा, कारण सेव्ह केली की उलटलेल्या तारखाच कायमच्या होतात. नवीन एक्स्पोर्ट घ्या. रिकाम्या वर्कबुकमध्ये 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा, 'ट्रान्सफॉर्म डेटा'त जा, तारखेच्या कॉलमवर राइट क्लिक करून 'चेंज टाइप' आणि त्यात 'यूझिंग लोकेल' घ्या. तिथे फाइल ज्या पद्धतीत लिहिली आहे तो देश निवडायचा, तुमचा संगणक ज्या पद्धतीत आहे तो नव्हे. गूगल शीट्समध्ये 'फाइल', मग 'सेटिंग्ज', तिथे लोकेल बदला. पण आधी आत आलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, फाइल पुन्हा इम्पोर्टच करावी लागते. आणि सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टचं फॉरमॅट निवडता येत असेल तर वर्ष-महिना-दिवस घ्या, २०२५-०४-०३ असं. एवढ्या एका बदलाने ही डोकेदुखी बहुतेक टीममध्ये संपते.

एक्सेलचे आणखी दोन प्रकार इथेच निकालात काढू. चाळीस तासांची बेरीज १६:०० दिसते किंवा फॉर्म्युला बारमध्ये १ जानेवारी १९०० अशी तारीख उगवते, ती तारखेची चूक नसते. एक्सेल २४ तासांचा एक दिवस बाजूला काढून उरलेले १६ दाखवतो. 'फॉरमॅट सेल्स'मध्ये 'टाइम' प्रकारात ३७:३०:५५ असा नमुना आहे, तो लावा. आणि तारखा बरोबर चार वर्षं एक दिवस, म्हणजे १४६२ दिवस सरकल्या असतील, तर दोन वर्कबुकांपैकी एकात १९०४ ची तारीख पद्धत (दिवस १९०४ पासून मोजण्याची) चालू आहे. ज्या फाइलमध्ये डेटा आहे तिथे तो पर्याय चालू-बंद करून बघू नका, सगळ्याच तारखा हलतात. नव्या फाइलमध्ये आलेल्या तारखांत १४६२ मिळवा किंवा वजा करा.

रिपोर्ट कोणत्या तारखेवर चाललाय?

एका एंट्रीला दोन-तीन तारखा असतात: काम केल्याची, नोंद भरल्याची, कधी कधी मंजुरीचीही. शुक्रवारचं काम सोमवारी भरलं आणि रिपोर्टचा फिल्टर नोंद भरल्याच्या तारखेवर असला, तर ते सोमवारी दिसणारच. फिल्टरमध्ये 'क्रिएटेड' किंवा 'अपडेटेड' असा शब्द असेल तर तो बदलून काम केल्याच्या तारखेचा पर्याय घ्या.

शेवटचा दिवस गायब असेल तर '३१ पर्यंत' याचा अर्थ सॉफ्टवेअरने '३१ तारखेच्या ००:०० पर्यंत' असा घेतला असण्याची दाट शक्यता आहे. पडताळा सोपा आहे: शेवटची तारीख एक दिवस पुढे न्या. ३१ चे तास लगेच आले तर निदान पक्कं. पण कायमचा इलाज म्हणून हे करू नका, कारण दोष दुरुस्त झाल्यावर पुढच्या महिन्याचा पहिला दिवस दोन रिपोर्टमध्ये मोजला जाईल. पुरवठादाराला कळवा.

फक्त आठवड्यांची बेरीज बिघडत असेल तर आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, हे प्रोफाइलमध्ये आणि रिपोर्टमध्ये दोन्हीकडे बघा. वर्षाच्या टोकाला आठवड्याच्या क्रमांकांनी घाबरून जाऊ नका. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत ज्या आठवड्यात ४ जानेवारी येते तो पहिला, म्हणून ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोजला जातो आणि १ जानेवारी २०२७ हा शुक्रवार २०२६ च्या ५३ व्या आठवड्यात. ही चूक नाही. मात्र ३० डिसेंबर २०२४ ची तारीखच ३० डिसेंबर २०२५ अशी छापली जात असेल तर तो प्रोग्रॅममधला दोष आहे: वर्षाच्या जागी आठवड्याचं वर्ष वापरलंय. सेटिंग्ज बदलून ते जाणार नाही.

टाइम झोन: तीन जागा

माझ्या मते खरा वेळ इथेच द्यावा, कारण वारंवार परत येणारी तक्रार बहुधा इथलीच असते.

पहिली जागा वापरणाऱ्याचं प्रोफाइल, दुसरी कंपनीच्या खात्याचं सेटिंग, तिसरी संगणक किंवा मोबाइल. काही सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट बघणाऱ्याचा टाइम झोन लागतो, काहींत काम करणाऱ्याचा, काहींत खात्याचा. त्यामुळे मॅनेजर आणि कर्मचारी एकच रिपोर्ट उघडून वेगवेगळ्या तारखा बघू शकतात, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. शहानिशा करायला रात्री एकची तीच एंट्री दोघांच्या लॉगिनमधून उघडा. तारीख वेगळी दिसली तर रिपोर्ट बघणाऱ्याच्या झोनवर चालतोय. मग बिलाचा किंवा पगाराचा रिपोर्ट कोणी एकानेच, एकाच ठरलेल्या झोनमधून काढायचा, असा नियम करा.

झोन निवडताना शहराच्या नावाचा घ्या: एशिया/कोलकाता, अमेरिका/न्यू यॉर्क. संक्षेप टाळा. 'आयएसटी' हीच अक्षरं भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघांच्या वेळेसाठी वापरली जातात. 'जीएमटी उणे ५' असा ठोकळ पर्याय घेतला तर उन्हाळ्यात न्यू यॉर्कची वेळ एका तासाने चुकते. शहराचं नाव दिलं की त्या जागेचे नियमही सोबत येतात.

तिसऱ्या जागेवर एक फसवी अवस्था असते. लॅपटॉपचं घड्याळ अगदी बरोबर दहा वाजलेले दाखवतं, पण झोन यूटीसीवर आहे. कोणीतरी झोन बदलण्याऐवजी काटेच फिरवून वेळ जुळवलेली असते. बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं, सॉफ्टवेअरला मात्र "यूटीसीत दहा वाजले" असं सांगितलं जातं. ते साडेपाच तास मिळवून १५:३० दाखवतं, आणि संध्याकाळी १८:३० नंतर सुरू केलेलं काम थेट दुसऱ्या तारखेला जातं. म्हणून नुसत्या वेळेकडे बघून हो म्हणू नका, झोनचं नाव वाचा. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', 'टाइम अँड लँग्वेज', 'डेट अँड टाइम' इथे वेळ आणि झोन दोन्ही स्वयंचलित करा आणि 'सिंक नाऊ' दाबा. प्रवासात स्वयंचलित झोन चुकत असेल तर तेवढा हाताने निवडा. मोबाइलवरही तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये स्वयंचलित पर्याय चालू हवा, कारण नेटवर्क नसताना अ‍ॅप फोनच्याच घड्याळावर विसंबतं.

डेस्कटॉप बंद करून पुन्हा चालू केल्यावर दर वेळी जुनी तारीख येत असेल आणि ब्राउझर सर्टिफिकेटची तक्रार करत असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. नेट जोडलं की घड्याळ सुधारतं, पण तोवर सुरू केलेल्या टाइमरला जुनीच तारीख लागते. डेस्कटॉपची वीज पूर्ण तोडून सेल बदलता येतो. लॅपटॉप मात्र माहितगाराकडे द्या.

उघडा राहिलेला टाइमर आणि रात्रपाळी

शुक्रवारी संध्याकाळी सहाला सुरू झालेला टाइमर सोमवारी सकाळी नऊला बंद केला की ६३ तासांची एंट्री तयार होते. काही सॉफ्टवेअर ती पूर्ण शुक्रवारवर टाकतात, काही मध्यरात्रीला तोडून चार तारखांवर वाटतात. कालावधी उतरत्या क्रमाने लावा, १२ तासांच्या वरच्या एंट्र्या आपोआप वर येतील. त्या ज्याच्या त्यानेच दुरुस्त कराव्यात. ठरावीक तासांनंतर टाइमर आपोआप थांबवायची सोय असेल तर चालू करून टाका.

रात्रपाळीचा प्रश्न चुकीचा कमी आणि नियमाचा जास्त असतो. रात्री दहा ते सकाळी सहा ही पाळी कोणत्या तारखेची? सुरुवातीच्या तारखेची धरली तर आठही तास एका दिवशी, मध्यरात्रीला तोडली तर दोन आणि सहा. हजेरीचं सॉफ्टवेअर एक नियम आणि टाइमशीट दुसरा पाळत असेल तर दोन्ही रिपोर्ट कधीच जुळणार नाहीत. हजेरीच्या मशीनवर दिवस किती वाजता बदलतो याचं सेटिंग असतं का बघा. ते मध्यरात्रीवर असेल तर सकाळचा आउट-पंच पुढच्या दिवशी जातो, आदल्या दिवशी 'पंच-आउट नाही' असा शेरा येतो. मशीनचं स्वतःचं घड्याळही महिन्यातून एकदा तपासा, सर्व्हरशी जोडलेलं नसेल तर ते हळूहळू घसरतं.

एका तासाचा फरक

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी उन्हाळी वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपीय संघात मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा या दोघांमधलं नेहमीचं अंतरही बदललेलं असतं. बदलाच्या दिवशी दिवस २३ किंवा २५ तासांचा असतो. अमेरिकेत शरदातल्या त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो, म्हणून १:३० ला सुरू आणि १:१५ ला संपलेली, उणे कालावधीची एंट्री दिसू शकते. सोबत यूटीसीपासूनचं अंतर साठवलेलं नसेल तर खरी वेळ नुसत्या एंट्रीवरून शोधता येत नाही, काम करणाऱ्यालाच विचारावं लागतं.

एका तासाचा फरक एकाच देशातल्या लोकांना आणि एका ठरावीक तारखेनंतरच येत असेल, तर सर्व्हरवरची टाइम झोनची यादी जुनी आहे. मेक्सिकोने बहुतांश भागात उन्हाळी वेळ २०२२ मध्ये रद्द केली, जॉर्डन आणि सीरियाने त्याच वर्षी वर्षभर यूटीसी अधिक ३ स्वीकारली, कझाकस्तान १ मार्च २०२४ पासून पूर्णपणे यूटीसी अधिक ५ वर आला. सर्व्हर अपडेट केला नसेल तर तो अजून जुनेच नियम लावतोय.

स्क्रिप्ट आणि आपोआप जाणारे रिपोर्ट

रोज मेलवर येणारा 'कालचा' रिपोर्ट चुकत असेल तर तो किती वाजता चालतो ते बघा. सर्व्हर यूटीसीवर असेल आणि रिपोर्ट भारतीय वेळेनुसार पहाटे चारला निघत असेल, तर सर्व्हरच्या लेखी अजून आदलाच दिवस चालू आहे. त्याचा 'काल' म्हणजे तुमचा परवा. वेळ सकाळी सहावर नेली की रिपोर्टवरची तारीख तरी जुळते. दिवसाची सुरुवात-शेवट मात्र तरीही यूटीसीप्रमाणेच राहते, म्हणून शेड्यूलमध्ये झोन देता येत असेल तर तोच खरा उपाय.

कोणी एपीआयवरून (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून डेटा मागायच्या सोयीवरून) डेटा ओढत असेल तर दोन ठिकाणं आधी बघायला सांगा. जावास्क्रिप्ट '२०२५-०३-०१' अशी नुसती तारीख यूटीसीची मध्यरात्र समजतं, म्हणून न्यू यॉर्कमधल्या ब्राउझरला २८ फेब्रुवारी दिसते. उलट, भारतातली मध्यरात्र आयएसओ मजकुरात बदलली की तीही २८ फेब्रुवारी होते. जिथे फक्त तारीख हवी तिथे ती मजकूर म्हणूनच वागवावी, तिला वेळ चिकटवू नये. दुसरं ठिकाण सेकंद आणि मिलिसेकंद. आजच्या काळातला युनिक्स आकडा (१ जानेवारी १९७० पासून मोजलेली वेळ) सेकंदांत १० अंकी आणि मिलिसेकंदांत १३ अंकी असतो. १० अंकी आकडा मिलिसेकंद समजून वाचला तर जानेवारी १९७० ची २० किंवा २१ तारीख येते. बरोबर १ जानेवारी १९७० आली तर मूल्य शून्य किंवा रिकामं आहे, आणि तीच पश्चिमेकडे ३१ डिसेंबर १९६९ दिसते.

डेटाबेस: फक्त वाचा

सॉफ्टवेअर तुमच्याच सर्व्हरवर असेल आणि डेटाबेस समजणारं कोणी असेल, तरच इथे या. तेही फक्त वाचण्यापुरतं. फरक बरोबर ११ तासांचा असेल तर साडेपाच तासांचं रूपांतर दोनदा होतंय, एकदा डेटाबेसमध्ये आणि एकदा प्रोग्रॅममध्ये. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाइमस्टॅम्प प्रकारचा कॉलम कनेक्शनच्या झोननुसार बदलून मिळतो, डेटटाइम प्रकारचा जसा लिहिला तसाच मिळतो. सर्व्हर हलवल्यावर अर्ध्याच तारखा सरकल्या असतील तर हे मिश्रण शोधा. झोन बदलणाऱ्या फंक्शनमधून शहराच्या नावावर रिकामं उत्तर येत असेल तर बहुधा झोनचे तक्ते भरायचे राहिलेत. आणि दिवसवार बेरीज करणाऱ्या क्वेरीत आधी झोन बदलून मग तारीख काढलीय ना, हे बघा. क्रम उलटा असेल तर प्रत्येक दिवस यूटीसीच्या मध्यरात्रीला कापला जातो.

इथे थांबा

साठवलेली वेळच चुकीची आहे असं दिसलं आणि हजारो एंट्र्या एकगठ्ठा सरकवायचा विचार मनात आला, की थांबा. उन्हाळी वेळेमुळे सगळ्या एंट्र्यांना एकच फरक लागू होत नाही, आणि बॅकअपशिवाय चालवलेला अपडेट परत फिरवता येत नाही. हे काम डेटाबेस सांभाळणाऱ्याचं आहे, तेही आधी प्रतीवर करून बघून.

चुकीच्या तारखांवर पगार झाला असेल, ग्राहकाला बिल गेलं असेल किंवा तो काळ लॉक केलेला असेल, तर तांत्रिक दुरुस्तीच्या आधी हिशेब बघणाऱ्यांना कळवा. लॉक उघडून गुपचूप तारखा बदलल्या तर आधीचं बिल आणि आताचा रिपोर्ट यांचा मेळ पुढे कधीच बसत नाही. सॉफ्टवेअर क्लाउडवरचं असेल आणि वरच्या सगळ्या तपासण्या करूनही पडद्यावरचाच रिपोर्ट चुकत असेल, तर तुमच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही, पुरवठादाराकडे तक्रार नोंदवा.

तक्रारीत एका एंट्रीचा क्रमांक, सुरुवातीला लिहिलेल्या चारही वेळा, प्रोफाइल, खातं आणि उपकरण यांचे टाइम झोन, रिपोर्टचे फिल्टर आणि एक्सेलमध्ये कधीच न उघडलेली मूळ सीएसव्ही द्या. नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यावरून साठवलेली वेळ कळत नाही.